दोघांनी पाहिलेलं कुलूप

१४ जून, शनिवार

जूनच्या थंडीत डोंगर खांद्यापर्यंत बर्फाने पांढरा झालाय. होबार्टमधल्या सगळ्या शहाण्यांनी आज घरात बसायचं ठरवलं असणार, म्हणून मी सॉसेज रोल घेऊन मर्व्हकडे गेले. शनिवार चुकवायचा नाही हा आमचा नेम, मर्व्हची दाढी काळी होती तेव्हापासूनचा.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नेलचा, एक बारकासा कोपरा आम्हा दोघांच्या राखणीला आहे. एका प्रोग्रामने दुसऱ्यासाठी निरोप ठेवायचा, ती जागा सांभाळायची, एवढंच आमचं राज्य. जगभरातून लोक त्यात दुरुस्त्या पाठवतात. पॅच म्हणतो आम्ही त्यांना. मर्व्ह तपासतो आणि खाली 'पाहिलं' असं लिहून आपलं नाव घालतो, मग मी सही करून पुढे पाठवते. अवघड पॅच शनिवारी मोठ्याने वाचायचा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने डोळे मिटून ऐकायचं. "डोळा लबाड असतो," मर्व्ह म्हणतो. "ओळखीचं दिसलं की पुढे पळतो. कानाला पळता येत नाही."

आज मात्र त्याने वाचायला काही काढलंच नाही. सगळं पाहून झालंय म्हणाला. खरंच, साचलेल्या सगळ्या पॅचखाली त्याचं नाव होतं. मीही बसल्या बसल्या सह्या ठोकल्या. मर्व्हने पाहिलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मग त्याने बराकीचा किस्सा सांगितला. त्याचे वडील मेंढ्यांची लोकर कातरायचे. त्यांच्या बराकीत न्हाणी एकच. "दार ढकलून पाहिलंस, आत कुणी नाही. साबण आणायला वळलीस. परत येऊन सरळ आत शिरलीस, तर आत बराकीचा आचारी, अंगावर फक्त टोपी! चूक तुझीही नाही, त्याचीही नाही. दाराला कडी नव्हती, एवढंच." नव्या लोकांना रेस कंडिशन समजावायला त्याचा हा ठेवणीतला किस्सा. पाहणं आणि करणं यांच्या मधल्या फटीत दुसराच कुणी घुसतो, म्हणून कुलूप लागतं. रोल संपल्यावर त्याने तो पुन्हा सांगितला, पहिल्यापासून. मीही पुन्हा हसले. म्हातारा रंगात होता.

त्याची बायको नोरीन पूर्वी चहा ठेवून बागेत पळायची. हल्ली विणकाम घेऊन तिथेच बसते. तशी चांगलीच आहे, पण मर्व्हला काही विचारलं की उत्तर तीच देते. मला कंटाळा येतो.

२३ जून, सोमवार

फिजीतल्या सुवाहून ईमेल. लितिया तुईसावा नावाची मुलगी. सुरक्षेतली भोकं शोधणं हेच तिचं काम. उघड्या ईमेल-गटावर न टाकता तिने बंद गटावर लिहिलं, जिथे आम्ही मोजके लोक असतो. भाषा इतकी नम्र की वाचताना आधी काही वाटलंच नाही. मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

भोक आमच्या कोपऱ्यात आहे. एक धागा, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक, पाहतो की निरोपाची जागा शाबूत आहे. तो ती वापरणार, तेवढ्यात दुसरा धागा ती जागा रिकामी करतो आणि तिसऱ्याला देऊन टाकतो. पहिला बिचारा डोळे मिटून आत शिरतो. आचारी आणि टोपी. फरक इतकाच की इथे आचाऱ्याच्या जागी चोर उभा करता येतो, आणि साधा वापरणारा माणूस अख्ख्या यंत्राचा मालक होऊन बसतो.

लितियाने पाठवलेला चोरीचा नमुना मी मागच्या खोलीतल्या जुन्या यंत्रावर चालवला. चहा गाळून येईपर्यंत यंत्र माझं राहिलं नव्हतं.

रिवाजाप्रमाणे मौनाची मुदत ठरली, १५ जुलैपर्यंत. तोवर दुरुस्ती गुपचूप करायची, सगळ्या मोठ्या वापरणाऱ्यांना गुपचूप पोचवायची. बाहेर कुणी चकार शब्द काढायचा नाही.

२४ जून, मंगळवार

सापडलं. गेल्या ऑक्टोबरातला पॅच. कुणा घाईवाल्याने वेग वाढवायला कुलूप दोन ओळी आधी उघडलं होतं. दोनच ओळी! खाली लिहिलंय, 'पाहिलं: मर्व्ह टिलब्रुक.' त्याखाली माझी सही.

ज्या माणसाने एका चुकलेल्या कुलपासाठी लोकांना रडवलंय, त्याने हे सोडलं? मला मर्व्हचा राग आला. आळस शिरलाय त्याच्यात. नावावर जगतोय. मी त्याच्या भरवशावर सही करते हे त्याला ठाऊक नाही का?

२५ जून, बुधवार

फोन केला. सगळं सांगितलं.

"कुठलं कुलूप म्हणालीस?"

"अरे, आपलंच! निरोपाच्या जागेचं."

"हां, हां, ते होय. पाठव, बघतो."

मागून नोरीनचा आवाज आला, "सांग तिला, शनिवारी बघू." बायकोच्या पदराआड लपायला लागला की काय हा? मी म्हणाले, "मर्व्ह, तुझ्याच नावाखालून गेलंय हे." तर म्हणतो, "हो? मग नीट बघायला हवं." जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोय.

२८ जून, शनिवार

माझे शब्द मी परत घेते. काय दिवस होता!

दुरुस्ती मी लिहून नेली होती. वाचून दाखवायला लागले, मर्व्हने डोळे मिटले. अर्ध्यावर हात वर केला. "थांब. हे बंद करताना दुसरा आत आधीच असला तर?" मग पावाचा कागद उलटा करून त्यावर दोन धाग्यांचे दोन रकाने काढले. हा इथे, तो तिथे, आता याने हात घातला, आता त्याने काढून घेतलं. पेन एकदाही अडखळलं नाही. माझ्या दुरुस्तीत दुसरी फट होती. लितियाला दिसली नव्हती, मला दिसली नव्हती. कोण म्हणतं म्हातारा संपला?

मी आनंदाने त्याच्या टकलाचा मुकाच घेतला. नोरीन उठून स्वयंपाकघरात गेली, परत आली तेव्हा डोळे लाल. म्हणाली, कांदा. सूप तर भोपळ्याचं होतं.

मुलगी कुठली, हे मर्व्हने तीनदा विचारलं. सुवाची, सुवाची, अरे बाबा सुवाची! नंतर चहा करायला म्हणून उठला आणि रिकामी किटली तापत ठेवली. मी त्याला चिडवलं, "कुलपं सांभाळणाऱ्याला पाणी सांभाळता येईना!" तो हसला. नोरीन हसली नाही. तिला माझा विनोद कधीच कळला नाही.

५ जुलै, शनिवार

मर्व्हशी भांडले. त्याने त्या कागदावरच्या आकृतीकडे बघून विचारलं, "हे कुणी काढलं? हुशार आहे." मला वाटलं कौतुक करून घ्यायचंय. मी म्हणाले, "पुरे झाले नखरे, मर्व्ह. दहा दिवसांवर आलंय सगळं." तो बोटं पायजम्याच्या शिवणीवरून फिरवत राहिला.

गाडीपाशी नोरीन आली. "आजचं मनावर घेऊ नकोस गं. रात्री झोप नाही त्याला."

"मग दिवसा झोपू दे की. मी एकटीने किती ओढायचं?"

तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. मी गाडी सुरू केली.

९ जुलै, बुधवार

मर्व्हने लितियाच्या ईमेलला उत्तर लिहिलं. उघड्या गटावर.

जिथे सगळं जग वाचतं, तिथे. अख्खं भोक, दोन रकाने, कुठल्या क्षणी हात घालायचा, सगळं. सुरुवातीला बराकीचा किस्सासुद्धा. कित्येक वर्षांत त्याने इतकं सुंदर लिहिलेलं नाही. एखादं पोरसुद्धा वाचून चोरी करू शकेल इतकं स्वच्छ.

मर्व्हला फोन लावला. मी काय काय बोलले! म्हणाले, "तू मला रस्त्यावर उभं केलंस. त्या मुलीला उभं केलंस. शेवटी एकदा तुला टाळ्या हव्या होत्या ना?"

"कुठलं पत्र, हेस्टर?"

"खोटं बोलू नकोस! निदान खोटं तरी बोलू नकोस."

आणि मग, शाळेत बाकावर उभ्या केलेल्या मुलासारखं, "सॉरी. मी परत नाही करणार."

मी फोन आपटला. ते 'परत नाही करणार' अजून कानात आहे. असं कधी बोलत नाही तो.

११ जुलै, शुक्रवार

दुरुस्ती घाईघाईने उघड करावी लागली. तोवर कुणीतरी कुठल्याशा गावच्या ग्रंथालयांची सगळी यंत्रं ताब्यात घेतली होती. तिथे पुस्तकं हाताने लिहून देताहेत म्हणे. आणखी कुठे काय झालंय देव जाणे.

गटावर मर्व्हवर तुटून पडलेत सगळे. ज्यांना त्याने बोट धरून शिकवलं तेही. 'राखणदारच दार उघडून बसला तर चोराला दोष कशाला?' इति एक शहाणा. राखणदारांच्या यादीतून त्याचं नाव काढा, ही मागणी. मी उत्तर दिलं नाही. त्याची बाजूही घेतली नाही.

एकट्या लितियाने वेगळं लिहिलं, फक्त मला. 'हेस्टर, तुमचे मित्र बरे आहेत ना? त्यांनी मला तेच उत्तर चार वेळा पाठवलं होतं. प्रत्येक वेळी नव्याने ओळख करून देऊन. माझे आजोबा शेवटी असेच झाले होते.'

मी ते वाचलं आणि लाकडं फोडायला गेले. हवी होती त्यापेक्षा खूप जास्त फोडली.

१२ जुलै, शनिवार

मी गेले नाही, नोरीनच आली. ओला कोट न काढता खुर्चीच्या कडेवर बसली.

"कधीपासून?" मीच विचारलं.

"गेल्या वर्षीच्या ईस्टरला नातवंडांनी शोधावीत म्हणून त्याने बागेत चॉकलेटची अंडी लपवली. आणि कुठे लपवली तेच आठवेना. पोरं हसली, तोही हसला. मला नाही हसू आलं. त्याच हिवाळ्यात डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं."

"मला का नाही सांगितलंस, बाई?"

"त्याने शपथ घातली होती. म्हणाला, हेस्टरला कळलं तर ती मला सांभाळून घ्यायला लागेल. ती माझ्यावर ओरडते तेवढा एकच तास मी मला मी वाटतो." मग ती हुंदके देऊन रडायला लागली. "मीच करत होते गं. सकाळी तो यंत्रापुढे बसायचा, वाचायचा, मध्येच हरवायचा. मग मला म्हणायचा, घाल माझं नाव, नंतर हेस्टर बघतेच. मी बटण दाबायचे. मला वाटायचं, तू आहेस ना."

आणि मी? मर्व्हने पाहिलंय ना, म्हणून मी वाचतच नव्हते. तो माझ्या भरवशावर, मी त्याच्या. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो हाच. ऑक्टोबरातला तो पॅच जगात कुणीच वाचला नव्हता, आणि खाली नावं मात्र दोन.

शनिवारमागून शनिवार मी त्याच्यासमोर बसले. मला फक्त पॅच दिसत होते. नोरीनला मिठी मारली तेव्हा माझ्याही तोंडून तेच निघालं, सॉरी, सॉरी.

२६ जुलै, शनिवार

यादीतून नाव काढायचं तर त्यालाही पॅचच लागतो. एक ओळ खोडायची. पण आमच्याकडे कारण न लिहिता पॅच घेत नाहीत, हा मर्व्हचाच दंडक. मी कारण लिहिलं, 'मर्व्ह टिलब्रुक आता बागेसाठी वेळ काढू इच्छितात.' आणि रिवाज असा, की ज्याचं नाव जातंय त्याने ते पाहायला हवं.

आजची सकाळ त्याची चांगली होती. मी आत गेले तसा म्हणाला, "ये भांडकुदळ बाई." फोनवरचं त्याला काही आठवत नव्हतं. माफी मागायची म्हणून घरून घोकत आले होते, ती कुणाकडे मागू?

तो खुर्चीत डोळे मिटून बसला. मी वाचलं.

"कारण खोटं आहे," तो म्हणाला.

"मर्व्ह..."

"बागेतलं मला गवतसुद्धा ओळखता येत नाही, नोरीनला विचार. खोट्या कारणाचा पॅच मी कधी घेतला का? खोड ते."

"मग काय लिहू?"

त्याने डोळे उघडले नाहीत. "लिही. मर्व्ह टिलब्रुकला विसरायला होतं. त्याने पाहिलेलं धरून चालू नये." नोरीनच्या सुया थांबल्या. "आणि कधीपासून ते लिही. भोक कुठल्या दिवसापासून आहे हे सांगितल्याशिवाय जुनं कोण दुरुस्त करणार?"

मी नोरीनकडे पाहिलं. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "गेल्या वर्षीचा ईस्टर."

"इतकं?" मर्व्ह म्हणाला. "बरं. मग तेव्हापासूनचं सगळं परत वाचायला हवं. तू वाच, हेस्टर. दुसऱ्याने पाहिलंय म्हणून सोडू नकोस हं."

मला टोमणा मारायचा नव्हता त्याला. तो फक्त काम समजावत होता.

"आता वाच परत," म्हणाला. मी वाचलं, त्याने सांगितलं तसं, शब्द न शब्द. त्याने मान हलवली. "ठीक आहे. घाल माझं नाव. पाहिलं म्हण." यंत्रावर ते टाइप करताना अक्षरं दिसत नव्हती मला. आजवर त्याच्या नावाने इतके पॅच गेले, पण हा त्याने खरोखर पाहिला होता.

६ सप्टेंबर, शनिवार

बागेत बाभळी पिवळ्याधमक फुलल्यात. नोरीन आता खुशाल बाहेर असते. लपवायचं काही उरलं नाही, आणि तिलाही तासभर मोकळी हवा हवी.

गेल्या वर्षीच्या ईस्टरपासूनचे सगळे पॅच मी परत वाचतेय, एकेक ओळ. लितिया सुवाहून मदत करते. आणखी काही फटी सापडल्या, बुजवल्या. शनिवारी मी ते मर्व्हला वाचून दाखवते. बहुतेक वेळा तो खिडकीतून चिमण्या बघत असतो. माझं नाव कधी आठवतं, कधी मी 'ती वाचणारी बाई' असते. मागच्या शनिवारी त्याने मला विचारलं की मला कुणी मित्रबित्र आहेत का.

आज ऑक्टोबरातला तो पॅच आला. गाळून पुढे जाणार होते. पण वाचला. दोन ओळींपाशी पोचले तसा खिडकीतून न वळता मर्व्ह म्हणाला, "कुलूप आधी उघडलं."

"हो."

"मूर्ख! कुणी सोडलं हे? कुणाचं नाव आहे खाली?"

"दोघांची आहेत," म्हणाले.

"दोघांनी पाहिलं?" त्याने माझ्याकडे बघितलं, कितीतरी दिवसांनी नीट, जुन्या मर्व्हसारखं. "मग कुणीच नाही पाहिलं. एकमेकांचे मित्र असणार."

"फार जुने," मी म्हणाले.

रोलचा चुरा त्याच्या दाढीत अडकला होता, मी पुसला. त्याने पुसू दिला.

"मग त्यांना फार बोलू नकोस गं," तो म्हणाला आणि डोळे मिटले. "चल, पुढचं वाच."

मी पुढचं वाचलं.